नुसत्या रेषा

छपाईच्या दुकानात शिवणकामवाल्या ताई आपली पत्रकं छापून घ्यायला थांबल्या होत्या. पुढच्या मुलीचं काम अडलं होतं आणि कान काही मिटता येत नाहीत.

“काका, आकृतीतली अक्षरं अशी छापील का दिसतायत?”

“तो फॉन्ट इथे नाही ना, बाळा. फाइलमधून आकृती आली, पण अक्षरांचं वळण ज्या त्या कॉम्प्युटरमध्येच राहतं. वाचता येतंय की सगळं. पंप, टाकी, पहिली चावी, दुसरी चावी.”

“वाचायला नकोय. आईला बघायचंय. बाबांनी स्वतःच्या हस्ताक्षराचा फॉन्ट बनवला होता.”

“मग त्यांच्याकडूनच घे की.”

“गेले ते. आईला एकटीला पाणी सोडता यावं म्हणून आजारपणात ही आकृती काढली त्यांनी.”

“जुना छापलेला कागद असेल तर स्कॅन करतो.”

“टाकीजवळ लावला होता. ओल लागून पुसला गेला.”

“त्यांचा कॉम्प्युटर आण. त्यात सापडेल.”

“दादाने सगळं पुसून तो शाळेला दिला. वर माझ्याकडून शाबासकीही घेतली.”

“...ताई, तोवर तुमचं घेऊ का?”

“माझं काय, उद्याही होईल. हिचं बघा.”

“काका, या रेषा तरी त्यांच्याच आहेत ना?”

“हो. रेषांना फॉन्ट लागत नाही.”

“मग अक्षरं काढून टाका. नुसत्या रेषा छापा.”

“अगं, मग कुठली चावी कुठली, ते आईला कसं कळायचं?”

“ते तिला केव्हाच पाठ झालंय. तरी रोज कागद वाचूनच चावी फिरवायची.”