जेगी जप्त!

...नाही नाही, पोरानं खेळावं की! पण अंगठ्यांनी? नुसत्या अंगठ्यांनी? तुम्हाला सांगतो, आमचा गारम, वय अकरा, सकाळपासून सोफ्यावर लोळत फोनमधले राक्षस मारतोय, आणि घाम कुणाला फुटतोय? मला! आमच्या वेळी असं नव्हतं हो! आमच्या वेळी गल्लीत जेगी... चकतीला कागदाच्या झालरी बांधायच्या आणि पायानं उडवत राहायचं, खाली पडू द्यायचं नाही! अंधार पडला की आई दारातून ओरडायची, "ब्यंगहो, मेल्या, भात निवला!" आणि आम्ही, "अजून पाच मिनिटं!" ही हाक माझ्या पोराला कधी ऐकू येणार? त्यासाठी आधी बाहेर जावं लागतं ना!

म्हणून रविवारी ठणकावलं, "चल खाली! आणि जेवताना तो फोन दिसला तर जप्त!" स्वतः चकती शोधली, झालरी कातरल्या, माझासुद्धा फोन घरी ठेवला. खेळायला फोन कशाला? खाली घसरगुंडीपाशी चिटपाखरू नाही. म्हटलं, "बघ आता बापाची कमाल!" पाय झोकात उचलला... जेगी जागच्या जागी, चप्पल झाडावर! पोरगा गंभीरपणे विचारतो, "बाबा, तुमचे किती जीव उरले?" म्हटलं, "एकच, आणि तोही गुडघ्यात!"

थोड्या वेळात गारम वर पळाला. मीही निघालोच होतो, आईशप्पथ! पण वॉचमन प्योकाका काठीनं चप्पल काढून द्यायला आले आणि म्हणाले, "आणा बघू इकडे." सत्तरीचा माणूस, डोक्यावर टोपी, गणवेश कडक, आणि टप टप टप टप... थांबेचनात! मग मी सोडतो का? आमच्या वेळी असं नव्हतं हो, हरून घरी जायची पद्धतच नव्हती! "काका, आणखी एक डाव." "अहो, माझी चौकी..." "चौकी कुठे पळून जातेय?"

इकडे बायकोनं मला फोन लावला, तो वाजला घरातच. चौकीत लावला, चौकीत कोण? कुणीच नाही! मग थेट सोसायटीच्या ऑफिसला! आता आमच्याकडे घराघरात ऑफिसचा स्पीकर, पाणी जाणार असलं की तो सांगतो. उन्हाळ्याचे दिवस, सगळ्या खिडक्या उघड्या, आणि प्रत्येक खिडकीतून ती गोड आवाजाची बाई... "रहिवाशांना नम्र निवेदन. इमारत एकशे तीनमधील गारमचे बाबा जिथे असतील तिथून त्यांनी जेवायला घरी यावे. सूप निवत आहे. तसेच वॉचमन प्यो यांनी चौकीत परतावे. धन्यवाद."

आणि खरं सांगू? आई गेल्यापासून अशी हाक कुणी मारली नव्हती हो... आणि तोंडातून निसटलंच, "अजून पाच मिनिटं!" अख्खी सोसायटी खिडक्यांतून खो खो हसली!

घरी पोचलो तर बायको दारात, हात पुढे. "आण ती जेगी इकडे."

"अगं, पण..."

"आण म्हणते ना! पोरगा एका हाकेत उठला, फोन ठेवला, हात धुतले. आणि बाप बघा!"

जेगी जप्त! किमचीच्या फ्रिजवर, माझ्या डोळ्यांदेखत! मी मान खाली घालून सूप ढवळतोय, तर गारम कानाशी आला. "तोंड पाडू नका, बाबा. दोन दिवसांनी देते ती. मला माहितीये ना."

दोन दिवस! आता तुम्हीच सांगा, दोन दिवस घरात बसून माणसानं करायचं काय? आमच्या वेळी असं नव्हतं हो... आमची आई दुसऱ्या दिवशी द्यायची!