तनुजानं टॅबला सांगितलेलं

"यंत्राच्या बाबतीत बोरखळीला कुणी शिकवायचं नाही!"

मंडळी, ऐका! हे वाक्य माझं नाही. बोरखळी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात, हातात माइक धरून, सुदाम गुरुजी म्हणाले. तीस वर्षं नोकरी झालेली, वजनदार माणूस! समोर टेबल, टेबलावर शाळेला मिळालेले चार कोरे करकरीत टॅब. वाक्य पुरं होतंय न होतंय — तोच सरपंचांनी नारळ हाणला! कुठं? त्याच टेबलाच्या कडेवर! पाणी उडालं, ते सरळ टॅबच्या पोटात. एक तिथंच वैकुंठवासी! दुसऱ्याला कुणीतरी भक्तिभावानं कुंकू लावलं, ते नेमकं चार्जिंगच्या भोकात. तोही गेला. घटकेत चाराचे दोन झाले!

हसता काय? नव्या मिक्सरला हार कोण घालतं? रिमोटला प्लास्टिकची पिशवी कोण चढवतं? खाली बघू नका, इकडं बघा! आणि एवढंच सांगा — चांगली वस्तू हातात आली की माणूस आधी काय करतो? वापरतो, का मिरवतो? बरं, मग मी सांगतो.

उरलेले दोन टॅब गुरुजींनी कपाटात घातले. कुलूप लावलं. म्हणाले, "पोरं खराब करतील." अहो गुरुजी, नारळ पोरांनी फोडला होता का हो?

आता त्या शाळेत, तिसरीच्या वर्गात, एक पोरगी होती — तनुजा. शांत. शांत म्हणजे, शांत करून टाकलेली! बोलताना अडखळायची. "क-क-कमळ" म्हणेपर्यंत बाकीची पोरं "खटारा" म्हणून मोकळी! गुरुजी वाईट नव्हते हो. पण घाई! मोठ्यानं वाचायला तिचा नंबर आला की म्हणायचे, "बस बाळा, बस. पुढचा." दोन वर्षं ती पोर नुसती 'पुढचा' ऐकत होती.

एक दिवस तपासणीचा कागद आला — टॅब वापरले का, कळवा. गुरुजींनी कुलूप काढलं. द्यायचा कुणाला? जिच्यामुळं वर्गाचा वेळ जातो तिला! "तने, हा घे. तांदळाच्या खोलीत बस. धडा वाच, या बटणानं आवाज भर, या बटणानं ऐक. दार लावून घे."

म्हणजे पोरीला शिकवायला नाही दिला, मंडळी. वाटेतनं बाजूला करायला दिला! पण देवाची लीला बघा — वाईट हेतूनं लावलेलं झाडही कधीकधी आंबा देतं!

आठ दिवसांनी गुरुजी खिचडीचे तांदूळ मोजायला त्या खोलीपाशी गेले. आतून वाचण्याचा आवाज. सरळ, स्वच्छ! गुरुजी म्हणाले, "कोण गं ही?" फटीतून बघतात तर — तनुजा! पोत्यावर मांडी घालून बसलीय. एक ओळ वाचायची. ऐकायची. मान हलवायची, "अंहं!" पुन्हा वाचायची. अडखळली तर थांबायची, पुन्हा सुरू. तो टॅब तिला "पुढचा" म्हणत नव्हता! यंत्रानं शिकवलं नाही हो. यंत्रानं फक्त घाई केली नाही.

गुरुजी दाराशीच बसले. डोळ्याला पदर नव्हता, म्हणून उपरणं लावलं. त्या दिवसापासून रोज अर्धा तास तनुजा आणि टॅब. हळूहळू ती वर्गात हात वर करायला लागली. एकदा तर खो-खोत "खो!" असं ओरडली, की पोरं उठायचीच विसरली!

इथं आख्यान संपवलं असतं तर किती बरं झालं असतं! आपण प्रसाद घेतला असता, घरी गेलो असतो. पण गुरुजींच्या मनात आलं, हे लोकांना दिसलं पाहिजे. घात झाला! ताटातलं गोड झालं की शेजाऱ्याला दाखवल्याशिवाय आपल्याला पचतच नाही!

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला. मोठे साहेब आलेले, सगळं गाव पटांगणात. गुरुजींनी टॅब लाउडस्पीकरला जोडला. "आता ऐका, आमच्या तनुजाचा आवाज!" तिला विचारलं का? नाही. तिच्या आईला, मंदाबाईला? नाही. आधी स्वतः शेवटपर्यंत ऐकून बघितलं का? छे! गुरुजींना यंत्राचं कुणी शिकवायचं नव्हतं ना!

धडा वाजला. टाळ्या! साहेब म्हणाले, "वा!" धडा संपला. आता गुरुजी बंद करणार, तर बटण सापडेना! आणि आवाज चालूच राहिला.

"आज खिचडीत शेंगदाणे होते. सात आले मला. गुरुजी दुपारी झोपले. त्यांच्या नाकातनं शिट्टी वाजते, कुकरसारखी."

हसलं की हो गाव! सरपंचांची टोपी पडली. साहेब रुमालात तोंड घालून हसतायत. सगळं पटांगण गदगदतंय. आणि त्या हसण्यातच पुढचं वाक्य आलं —

"मी बोलले की सगळी हसतात. तू नाही हसत. तू चांगला आहेस."

मंडळी... ते कुणाला ऐकूच आलं नाही. लोक अजून शिट्टीलाच हसत होते.

एकीला मात्र ऐकू आलं. ती तिसरीच्या रांगेत उभी होती. गणवेशात, रिबिनी बांधून. तिनं सगळ्यांची तोंडं बघितली. एकेक. मग खाली बघितलं.

साहेबांनी गुरुजींच्या खांद्यावर शाल घातली. त्याचे फोटो त्याच टॅबवर निघाले.

दुसऱ्या दिवसापासून तनुजा बोलेना. वर्गात नाही, खेळात नाही. आठवड्यानं मंदाबाई शाळेत आली. भांडली नाही हो! भांडली असती तर गुरुजींना सोपं गेलं असतं. पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली,

"गुरुजी, आधी माझी पोर गोठ्यात शेळीशी तरी बोलायची. आता तिच्याशीबी बोलंना. तुमच्या त्या पाटीत काय काय भरलंय ते काढून देता का मागारी?"

काय काढून देणार? गुरुजींनी त्या शालीची घडी करून पेटीत टाकली, ती पुन्हा काढली नाही. मला स्वतः सांगत होते, "महाराज, मी तिला दोन वर्षं ऐकलं नाही. आणि ऐकलं, तर सगळ्या गावाला ऐकवलं."

आता तुमच्याकडं येतो! तुम्ही म्हणाल, मग शाळेत टॅब नकोच. अरे, असं कुठं म्हणालो मी? असावा! तो नसता तर तनुजा त्या तांदळाच्या खोलीतही बोलली नसती. पण तो पोरांच्या कामाला असावा, आपल्या कौतुकाला नव्हे. तुमच्या घरी पाहुणे आले की काय होतं? "ये बाळा, काकांना कविता म्हणून दाखव!" पोर पडद्यामागं लपतं, तुम्ही ओढून आणता, मोबाइल धरता. पोर चुकलं की तुम्ही हसता, वर सगळ्या भावकीला पाठवता! पुढं बसलेले साळुंके, तुमच्या नातवाचा व्हिडिओ माझ्यापर्यंत आलाय! त्याला विचारलं होतं का? त्यानं तुम्हाला काही सांगितलं, तर ते तुमच्यापाशीच राहतं का? उत्तर मला नको, घरी जाऊन त्याला द्या.

गुरुजींनी पुढं प्रयत्न केला. जून उजाडला, तनुजा चौथीत गेली. गुरुजींनी तिला टॅब दिला, म्हणाले, "कुणी ऐकणार नाही. मीसुद्धा नाही." आणि खरंच मैदानाच्या पार टोकाला, बाभळीखाली जाऊन बसले. असे सतरा दिवस गेले. तनुजा खोलीत जायची, गप्प बसायची, टॅब परत द्यायची.

अठराव्या दिवशी आतून आवाज यायला लागला. खिचडी करणाऱ्या बाईनं हातवारे करून गुरुजींना लांबूनच कळवलं. पोर बोलतेय! बराच वेळ बोलली.

मग बाहेर आली. टॅब गुरुजींच्या हातात दिला आणि वर्गात निघून गेली. गुरुजींनी बघितलं. पडद्यावर लिहिलेलं होतं, जागा शिल्लक नाही. सव्वीस जानेवारीच्या फोटोंनी टॅब भरला होता. त्या दिवशी तिनं जे सांगितलं, त्यातलं काहीच उतरलं नव्हतं.