आगोबा मिस्त्री आर्मेनियाला निघाले

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर काणेकर, व्यासपीठावरचे हेडमास्तर टोकेकर आणि देवजीशेठ, वैशाखऱ्याहून गाड्या जुंपून कालच निघालेली मुरबाडकडची मंडळी, समोर बसलेल्या माताभगिनी, आणि आजचे सत्कारमूर्ती श्री. हागोप सिमोनियन, म्हणजे आपले आगोबा मिस्त्री, सर्वांना माझा नमस्कार.

मी पोस्टातला माणूस. एकवीस वर्षं शहापूरच्या टपाल कचेरीत शिक्के मारले, भाषण कधी केलं नाही. समितीनं सांगितलं, "मास्तर, निरोपाचे चार शुभ शब्द बोला." मी आठ दिवस शोधले. जे सापडलं ते बोलतो. शुभ आहे की नाही ते आपण ठरवा.

मिस्त्रींच्या हातची विहीर, मोरी किंवा पायरी या दोन तालुक्यांत कोणी पाहिली नाही? गेल्या पंधरा ऑगस्टला ज्या चौथऱ्यावर आपण झेंडा उभारला, तोही त्यांनीच बांधला. पण हा गोरा, निळ्या डोळ्यांचा पाथरवट आपल्यात आला कुठून, हे किती जणांना ठाऊक आहे? कोणी म्हणतं इराणी, कोणी म्हणतं ज्यू. म्हणून थोडं सविस्तर सांगतो. अध्यक्षमहाराज, घंटा जरा उशिरा वाजवावी.

तुर्कस्तानात वान नावाचं शहर आहे, मोठ्या तळ्याच्या काठी. तिथं आर्मेनियन लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत. पहिल्या महायुद्धात तिथल्या सरकारनं या लोकांना मुलखातून उपटून काढलं, लाखो मारले. त्यात मिस्त्रींचे वडील गेले. अठरा साली उरलेसुरले लोक इराणच्या डोंगरांतून चालत निघाले. मिस्त्री सोळा वर्षांचे, बरोबर आई आणि नऊ वर्षांची बहीण अनुश. बगदादजवळ बाकुबा इथं इंग्रजांनी तंबूंची छावणी घातली होती. तिथं आई तापानं वारली. दोघा भावंडांनी तिला स्वतःच्या हातांनी मूठमाती दिली. तिच्या उशाला मिस्त्रींनी एक दगड घडवून लावला. त्यांच्या हातचा तो पहिला दगड.

पुढं छावणी बसऱ्याकडं हलली. तिथून आर्मेनियाला माणसं नेणारं जहाज ठरलं, तेव्हा मिस्त्री विषमज्वरानं बेशुद्ध पडले होते. शेजारणीनं अनुशला सोबत नेलं. हे शुद्धीवर आले तेव्हा जहाज सुटून आठ दिवस झाले होते. दुसरं जहाज निघालंच नाही. मग मुंबई, आणि तेवीस साली कसारा घाटात दरड धरणाऱ्या भिंतीचं काम. मुकादम गोमानं त्यांना पंक्तीला घेतलं. गोमाची बायको गंगीबाई पुढच्या रांगेत बसली आहे. ती तेव्हा नवऱ्याला म्हणाली होती, "नाव काय ते माज्या तोंडात बसत नाय. आगोबा म्हनते मी." तेच नाव राहिलं. मिस्त्री मराठी शिकले तेही तिच्याच घरी.

झेंडा लागला त्या संध्याकाळी आपले हेडमास्तर उत्साहात होते. त्यांनी विचारलं, "मिस्त्री, तुमच्या देशाला कधी स्वातंत्र्य मिळालं होतं की नाही?"

"मिळालं होतं ना," मिस्त्री म्हणाले. "अडीच वरसं."

मग त्यांनी सांगितलं ते ऐकून पेढे हातातच राहिले. अठरा साली आर्मेनिया स्वतंत्र झाला, पण राज्य म्हणजे डोंगरांतला एक तुकडा. त्यात मूळच्या लोकांइतकेच दुसरीकडून पळून आलेले निर्वासित. पहिल्या हिवाळ्यात लोकांनी गवत उकडून खाल्लं. सकाळी गाड्या फिरत त्या मेलेली माणसं गोळा करायला. दवाखान्यात औषध नव्हतं, तिजोरीत नाणं नव्हतं. तिकडं युरोपात मात्र मोठमोठ्या राष्ट्रांनी तह करून भला मोठा आर्मेनिया आखून दिला.

"नकाशात आमचं वान होतं," मिस्त्री म्हणाले. "वानात आमी नव्हतो."

तहावर सह्या करणाऱ्यांपैकी एकानंही शिपाई पाठवला नाही. पश्चिमेकडून तुर्की फौज आली, उत्तरेकडून रशियाची लाल फौज. मिस्त्री म्हणाले, "कोनाच्या हाती जायाचं, एवढंच सरकारला ठरवायचं होतं." सरकारनं लाल फौजेच्या कागदावर सही केली. राज्य संपलं.

मंडळी, आपलं राज्य अजून सात-आठ महिन्यांचं आहे. म्हणून हे मला सांगावंसं वाटलं.

अनुश त्या देशात वाढली. येरेवान शहरात शिक्षिका झाली, एका शिक्षकाशी लग्न केलं. तिची पत्रं माझ्या हातून येत. अक्षर मला कळत नसे, पण पाकिटाच्या जाडीवरून खुशाली कळे. सदतीस साली तिच्या नवऱ्यानं वर्गात त्या अडीच वर्षांबद्दल चार वाक्यं सांगितली. पोलीस त्याला घेऊन गेले. तेवढं एका प्रवाशाकरवी कळलं, आणि पत्रं थांबली. दर बाजाराच्या दिवशी मिस्त्री खिडकीशी येत. विचारत नसत, नुसते उभे राहत. मी मान हलवी. हे दहा वर्षं चाललं. त्यांनी पाठवलेली तीन पत्रं परत आली, ती मीच त्यांच्या हातात दिली. नोकरीत याहून जड ओझं मी उचललं नाही.

मग शेहेचाळीस साली तिकडच्या सरकारनं जगभरच्या आर्मेनियनांना हाक दिली: मायदेशी या, घर देतो, काम देतो. मुंबईच्या त्यांच्या देवळात ती वाचून दाखवली गेली. मिस्त्रींनी नाव घातलं आणि बहिणीला कळवलं. आणि गेल्या मार्गशीर्षात अनुशचं पत्र आलं. मी नोकरीतून निवृत्त झालो होतो, तरी नव्या मास्तरांकडून मागून घेतलं आणि पळत घेऊन गेलो.

मिस्त्रींनी ते वाचून मला मराठीत सांगितलं. सगळं छान आहे. घरं मोठी आहेत. भाकरीची ददात नाही. तू जरूर ये. शेवटी एक ओळ होती: आईची तब्येत ठणठणीत आहे, ती रोज तुझी वाट पाहते.

मी पेढे आणायला उठलो होतो. मिस्त्री म्हणाले, "मास्तर, बसा. आईला आमी दोगांनी पुरली."

इथं कोणी वार्ताहर असतील तर त्यांना हात जोडून विनंती, हे छापू नये. अनुशच्या जिवाला अपाय होईल.

मी त्यांना खूप समजावलं. म्हटलं, "बहीण सांगते आहे की येऊ नकोस. इथं पाय टाकलास तर आईजवळच जाशील, असं सांगते आहे. मग जाता कशाला?"

ते म्हणाले, "मला वाटलं होतं ती मेली. मेलेली बाई असं लिहील काय?"

 याचं उत्तर तुमच्यापैकी कोणाकडं आहे का?

त्याच सुमारास ते कल्याणच्या छावणीत चुली बांधायला जात होते. सिंधमधून आलेले लोक लष्करी बराकींत उतरले आहेत, आपण जाणताच. एका सिंधी गृहस्थानं त्यांना अडवलं. म्हणाला, "पक्की चूल कशाला? चार महिन्यांत आम्ही घरी परत जाऊ. माती थापून दे." मिस्त्रींनी वाद घातला नाही. विटा लावल्या, चुन्यात पक्की बांधली, आणि घरी आले. मला म्हणाले, "मास्तर, बाकुब्याच्या तंबूत माजी आई बी असंच बोलत होती, चार महिन्यांत घरी जाऊ." त्यानंतर दोन दिवस ते कामाला गेले नाहीत.

आता आवरतं घेतो. समितीनं शाल आणि श्रीफळ दिलं आहे. मिस्त्रींजवळ एकच ट्रंक आहे. मुंबईहून बसरा, तिथून खुष्कीनं बेरूत, तिथून जहाज. हत्यारं नेऊ देतील की नाही ठाऊक नाही. बहीण बंदरावर येईल की नाही, ठाऊक नाही. येरेवानमध्ये बोलायला कोण उरलं असेल, आणि जे उरले ते बोलतील का, तेही ठाऊक नाही. त्या लोकांना देश मिळाला तेव्हा माणसं नव्हती, आता माणसं बोलावताहेत तर देश त्यांचा नाही. यातून वाट कशी निघेल, ते मला दिसत नाही, आणि दिसतं असं खोटं मी या व्यासपीठावरून सांगणार नाही.

अध्यक्षमहाराजांनी घंटेवर हात ठेवूनही वाजवली नाही, त्यांचा मी ऋणी आहे. शाळेनं वर्गांमधल्या लाकडी भिंती सरकवून जागा दिली, बायाबापड्यांनी एवढा वेळ शांतपणे ऐकलं, सर्वांचे आभार. शुभ बोलायला उभा राहिलो आणि हे बोललो, त्याचा दोष माझा, समितीचा नव्हे, पदरात घ्यावा.

मिस्त्रींना आसनगावला गाडी गाठायची आहे, तरी एक सांगून बसतो. आपल्याकडं निघताना माणूस 'जातो' म्हणत नाही. पंचवीस वर्षं मिस्त्री गंगीबाईच्या ओट्यावरून उतरताना 'येतो' म्हणत आले. आज सकाळी ते पाया पडले आणि म्हणाले, "जातो."

गंगीबाई म्हणाली, "येतो म्हन रे आगोबा."

मी दारात उभा होतो. ते ओटा उतरले. तिनं पुन्हा सांगितलं नाही.