पाण्याकाठची जागा

मुलीला लातूरच्या क्लासला घालून हुमा नांदेडला परत निघाली होती. स्टँडवर बस अजून लागली नव्हती. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलं होतं.

म्हातारा सांगत होता, "अमेरिकेत महिनाभर घरगाडीतच ऱ्हायचं, चाकावरच्या घरात. आपल्या पोरानं, वीरभद्रनं मुक्कामाच्या जागा धाडल्यात, तुम्हीच निवडा म्हनला."

"गाडीला वर पत्रा हाय ना? भूकंपापासून मला स्लॅबखाली झोप न्हाई."

"पत्राच हाय. ही जागा केजन म्हनून तिकडच्या फ्रेंच बोलणाऱ्या लोकांच्या गावात, रोज गाणंबजावणं. ही दुसरी पाण्याच्या काठाला, पण मगरी हायत म्हनं."

"पाण्याचीच घ्या. दहावीच्या सुट्टीत सहस्रकुंडचा धबधबा दाखवा म्हनून लई रडला होता वीरभद्र."

"क्लास बुडला असता."

"हाव. शिवांश गाडीत आपल्याजवळच झोपंल ना?"

"नातू येत न्हाई. त्याला सुट्टीत क्लास लावलाय."

"कुणी?"

"वीरभद्रनं."

म्हातारी म्हणाली, "फोन लावा त्याला."

"काय सांगू?"

"सांगा, शिवांशचा क्लास बुडू दे. सहस्रकुंड आम्ही बी अजून बघितलं न्हाई."