बिनगाठीची शिवण

हॅलो?

हॅलो, आत्या! हो, मीच, दानबी. अगं तुझं नीट ऐकू येतंय, मागे कोणीतरी घोरतंय तेसुद्धा ऐकू येतंय… बसमध्ये? म्हणजे विमान सुटलं एकदाचं! काल दिवसभर बाबा एकच विचारत होते, जेजू बेटावरचा वारा पडला का, जेजूचा वारा पडला का.

देगूहून दीड तास लागतो. अगं मी आलेय ना सहलीहून त्याच रस्त्यानं… बरं, दोन तास. तू मोठी.

नाही, मी तिकडे नाहीये. घरी आलेय, आजोबांबरोबर. आई-बाबा दवाखान्यातल्या अंत्यविधीच्या दालनातच आहेत. लोकांची रीघ लागलीये, आई सूप-भात वाढतेय, बाबा प्रत्येकाला वाकून नमस्कार करतायत. त्यांचे गुडघे बघ आता कसे होतील.

हो, सुतकाची पांढरी फीत लावलीये केसांना. गणवेशातच आहे. काळे कपडे दिले होते त्यांनी, पण त्यांत दोन दानबी मावतील असे होते.

आजोबा? अंगणात. सफरचंदांच्या रिकाम्या पेटीवर बसलेत, बागेकडे पाठ करून… नाही, जेवले नाहीत. दोन घोट बार्लीचं पाणी, बास.

अगं, बाबांनी सांगितलं ना तुला सगळं? …बरं. सांगते. काल सकाळी काका वरच्या बागेतून पेट्या घेऊन उतरत होता. तिसऱ्या वळणावर टिलरची गाडी कलंडली. हो, तेच वळण. तो तिच्याखाली दबला. लगेच, आत्या, डॉक्टर म्हणाले लगेच. त्याला काही कळलंही नसेल… आजोबांनीच पाहिलं आधी. हाक मारली तरी आला नाही म्हणून गेले वर.

आत्या… रड. रड तू. मी आहे फोनवर.

…

शेजारच्या बाईंनी संत्रं दिलं? घे की मग. नाही म्हणू नये.

बरं, ऐक. मी घरी का आलेय माहितीये का? कपडे न्यायला. शेवटचे. आपण अधिक महिन्यात आधीच शिवून ठेवले ना, ते.

हो, आजोबांचेच! …नाही, बाबा तिथलेच घेणार होते, मशीनवर शिवलेले, पाकिटातले. पण आजोबा! आज सकाळी एकदम उठले, म्हणाले, "पोरगा माझ्या पुढं निघालाय, तर माझे कपडे घालून जाऊ दे. मी थांबतो." कोणाची काय टाप आहे पुढं बोलायची?

दुपारी दोनला त्याला घालणार. बाबा साडेअकराला गाडी घेऊन येतील… आता? दहा वाजून पाच मिनिटं.

म्हणूनच तर तुला तीनदा फोन लावला. आत्या, आधी म्हण, मी ओरडणार नाही… नाही, आधी म्हण.

त्या कपड्यांत गाठी आहेत.

…

ऐकतेयस ना? गाठी. दोऱ्याच्या. मी मारल्या.

हो, माहितीये! माहितीये गं, तू सांगितलं होतंस. सगळ्या काकवा-मावश्यांसमोर सांगितलं होतंस, जाणाऱ्याच्या कपड्याला गाठ मारायची नाही, नाहीतर तो त्यात अडकून बसतो, त्याच्या मनातलं सुटत नाही. मी मान पण डोलावली होती.

का म्हणजे? अगं माझा दोरा निसटत होता! तीनदा निसटला. सगळ्या जणी सरसर शिवतायत, आणि मी पुन्हा पहिल्या टाक्यावर. शाळेत आमच्या शिवणाच्या बाई म्हणतात, गाठ नाही तर शिवण नाही. मग मारल्या हळूच, आणि आतल्या बाजूला दडवून ठेवल्या. वर पलीकडची आजी म्हणाली, पोर पहिल्यांदा शिवतेय पण टाका बघा किती पक्का! मी कशी फुगले होते आठवतंय? आठवडाभर वर्गात सांगत होते.

मला वाटलं, आजोबा अजून वीस वर्षं जगतील. तोवर मी मोठी होईन, कधीतरी हळूच उसवीन… मूर्खच आहे मी. म्हण, अजून म्हण.

नाही, बाबांना नाही सांगितलं. सांगितलं तर ते पाकीटच आणतील. मग आजोबांनी काय करायचं? त्यांनी मुलाला दिलेली ती एकच गोष्ट आहे आता.

हो… हो… थांब, फोन खांद्यात धरते. सगळं जमिनीवर पसरलंय. झगा, सदरा, विजार, पायमोजे. घरभर सांबेच्या, तागासारख्या कापडाचा वास सुटलाय, सालीचा, जुन्या गवतासारखा. आजीनं विणलेलं शेवटचं ठाण ना हे? अगं, तिनं तर धागा धाग्याला जोडतानाही गाठ मारली नव्हती, मांडीवर वळून वळून जोडलाय सगळा. आणि मी बघ.

नऊ. मोजून नऊ. झग्याच्या डाव्या बाहीत पाच, विजारीच्या एका पायात चार.

छोटी कात्री. हो, धार आहे.

गाठीच्या मुळाशी… कापली. आता? ओढायचं नाही? बरं. दोरा टाक्यांखालून सरकवायचा. पुढे? हो, पुढेच, मागं वळायचं नाही, माहितीये. जाणाऱ्यानं मागं वळू नये म्हणून… हं. सरकला. आत्या, सरकला! राहिला की गं तसाच! गाठीशिवाय राहतो?

म्हणजे टाके जवळजवळ घेतले की खरखरीत कापडच धरून ठेवतं दोऱ्याला? मग हे तू तेव्हा का नाही सांगितलंस! …मी विचारलं नाही. हो. खरंय. मला सगळं येत होतं ना तेव्हा.

दुसरी. झाली.

तिसरी… ही फार बारीक आहे. डोळ्यांत पाणी आलं की दिसतच नाही गं. थांब.

झाली.

आत्या, त्या दिवशी काकानं कलिंगड कापलं होतं, आठवतं? तू त्याला म्हणालीस, बायकांच्यात लुडबुड करू नकोस, चाळिशी उलटली, आता तरी लग्न कर. तो म्हणाला, "ताई, बाबांच्या जाण्यासाठी बारा बाया बसल्यात शिवायला, माझ्या लग्नाला एक तरी मिळेल का?" सगळ्या कसल्या हसल्या होत्या. पलीकडच्या आजीची तर कवळीच…

हसतेयस? रडतेयस? मला कळत नाहीये… मला पण कळत नाहीये मी काय करतेय.

चौथी, पाचवी. बाही झाली. आता विजार.

उंचीला? आखूड पडेल जरा. आजोबांच्या मापाची आहे ना. बाबा म्हणाले झगा लांब आहे, झाकून जाईल. काकाला आयुष्यात कधी पुऱ्या मापाची विजार मिळाली होती?

सहावी. सातवी, आठवी… एकाच ठिकाणी तीन मारल्यात बघ, काय सुचलं होतं मला. झाल्या.

…

काही नाही.

अगं नाही, कात्री आहे हातात. नववीवर आहे.

आत्या, एक विचारू? ही नाही कापली तर? म्हणजे, एकच. कोणाला कळणार आहे? तू म्हणतेस ना गाठ असली की तो अडकतो. मग अडकू दे ना! इथंच राहील, वरच्या बागेत, निम्मी सफरचंदं अजून झाडावर आहेत… मी त्याला साधं जेवलास का विचारलं नाही काल सकाळी. बस चुकेल म्हणून पळाले.

ओरडू नकोस ना. ओरडणार नाही म्हणाली होतीस.

…हो.

हो, कळतंय. आपल्या हट्टासाठी जाणाऱ्याला बांधून ठेवायचं नाही. त्याची वाट अडवायची नाही. हो. खरंय तुझं. कळतंय मला, मी काही लहान नाही.

कापली.

कापली म्हटलं ना! घे, ऐक कात्रीचा आवाज… आला?

संपल्या नऊ. झालं बाई.

पुन्हा? सगळ्या शिवणींवरून? अगं मी मोजल्यात… बरं. बोट फिरवते. बाही, हं. विजार, हं, साफ. सदरा तुम्हीच शिवला होता, तरी बघते. काही नाही. झगा… पाठ… खांदा… कॉलर…

थांब.

इथं काहीतरी आहे. कॉलरच्या आत, मानेपाशी. टोचतंय.

नाही, मी कॉलर नव्हती शिवली. मला कॉलरच्या जवळ कुठं येऊ दिलंत तुम्ही! …कापडाचा गुठळा? नाही गं, गाठ आहे. उलटून बघितली. अगदी बारीक, दोन वेढ्यांची. माझ्यासारखी ढोबळी नाही. टाके पण बघ ना, तांदळाच्या कणीएवढे, एका ओळीत…

आत्या, कॉलर तू शिवली होतीस.

…

हॅलो? लाईन आहे ना?

आत्या?

…बोल काहीतरी.

मी नाही रागावलेय. अगं मी कशाला रागावू? मला फक्त… तू आत्ता मला म्हणालीस, हट्टासाठी बांधून ठेवू नये…

हं.

हं… आजीच्या वेळेला पण तुला पोचायला उशीर झाला होता, हो, आई सांगते. तेव्हाही वारा होता? …म्हणून? आजोबांनी तरी तू पोचायच्या आधी जाऊ नये म्हणून?

म्हणजे बारा बायकांना गाठ मारू नका म्हणून दटावलंस, आणि स्वतः… आत्या गं. आपण दोघी एकाच ओळीत बसून चोऱ्या करत होतो की.

नाही, हसत नाहीये. म्हणजे, थोडी.

कापू? …नक्की? तू सांगशील तसं. बरं. धरली. कापते हं—

अं? थांब, आजोबा आलेत आत.

काही नाही आजोबा, आत्याचा फोन आहे. देगूहून निघालीये. हे? हे… दोरे. जरा उसवत होते… आजोबा, मी सांगते, रागावू नका, मी—

आत्या, ते खाली बसले. झगा घेतला मांडीवर. कॉलर चाचपतायत.

…

आत्या, ते म्हणतायत, त्यांना माहीत होतं.

अगं खरंच! म्हणतायत, तुम्ही सगळ्या गेल्यावर त्यांनी एकदा घालून पाहिला होता. ही मानेला टोचली. त्यांना टाका ओळखू आला, म्हणाले, "माझ्या लेकीचाच." आणि राहू दिली. कोणाला बोलले नाहीत. म्हणाले, लेकीनं थांब म्हटलंय तर थांबू थोडं.

…

रड गं. शेजारच्या बाईंना सांग, भाऊ गेलाय. त्यांना काय वाटायचं ते वाटू दे.

काय आजोबा? …नाही, अजून कापली नाही. ती म्हणतेय कापू दे. तिला वाटतंय तिनं तुम्हाला अडवलं म्हणून काका…

आत्या, त्यांनी कात्री घेतली माझ्या हातातून. खिशात घातली.

ते म्हणतायत, नको. दानबीनं आपल्या सोडवल्या, लेकीनं आपली सोडवावी… हो, बाबांना ते स्वतः सांगणार आहेत, तू आल्याशिवाय झगा घालायचा नाही. दोन वाजू देत नाहीतर तीन.

फोन देऊ त्यांना? …नको म्हणतायत. हात हलवतायत नुसता. त्यांचा चेहरा… नाही, मी नाही सांगत तुला त्यांचा चेहरा.

ऐक, आत्या, घाई करू नकोस. पळत येऊ नकोस, स्टँडवरच्या पायऱ्या निसरड्या आहेत. मी बाहेर उभी राहीन, पांढऱ्या फितीवरून ओळखशील. आपण आधी तोंड धुऊ, मग जाऊ त्याच्याकडे. कॉलरजवळ तू बस, मी दिवा धरीन. तूच सोडव. नेहमीसारखी दटाव त्याला, बोल त्याच्याशी, सगळं बोल.

उशीर नाही गं होत! कसं सांगू तुला? एक गाठ आहे ना अजून. तू पोचेपर्यंत कुठं जातोय तो…

हॅलो?

आत्या? बोगदा आला का? …हॅलो?