तोंडानं काढलेली गाडी

अगं, तोंडानं ओढून गाडी बाहेर काढलेली ऐकलीस का कुटं? डाळिंबं भरून सांगोल्याच्या लिलावाला निघालो आन बागेच्या चिखलातच रुतलो. फोर व्हीलचं बटन दाबलं, तरी पुढच्या चाकांचं लॉक बसंना, म्हंजे इंजिनाचा जोर त्यांना मिळंना. इंजिन ज्या नळीनं हवा ओढून लॉक बसवतं, ती आमच्या मालकांनी कापून ठिबकला जोडलेली! उरलेल्या तुकड्यातली हवा मी तोंडानं ओढली, तसं खट्कन लॉक बसलं. नळी तोंडात धरून मडगार्डवर बसले, तर मालकांनी गाडी थेट डाळिंबाच्या झाडावर घातली. मी ओरडले. नळी सुटली, गाडी परत रुतली.

"जरा गप बसली असतीस तर?"

"मग तुमीच धरा नळी. स्टेअरिंग माझ्याकडं द्या."

लिलाव वेळेत गाठला. डांबरी लागल्यावरबी नळी सोडा म्हणून मात्र मी सांगितलं न्हाय. लई शांत वाटत होतं.