सागवान घरचंच हाय, याचा पुरावा

अबे, परवान्याचं मले नोको सांगू! दारव्ह्याचं जुनं घर पाडलं, तवा माळ्याच्या सागवानी फळ्या नव्या घराच्या दारांसाठी ठेवल्या होत्या. त्या चिराले मी अन् बाबा ट्रॅक्टरनं आरामशीनवर चाललो, तं नाक्यावर वनरक्षकानं अडवलं.

"सागवान कुठून तोडलं?"

"तोडलं नाही जी, घर पाडलं." बाबानं नगरपरिषदेचा कागद दाखवला.

"हा तं पाडाचा परवाना. लाकूड न्याचा कुठं हाय? अन् हे घरातलंच लाकूड हाय, कायवरून?"

साहेब फळ्यांवरच बसले अन् पंचनामा लिहू लागले. दोन ओळी झाल्या, पाठ खाजवली. चौथ्या ओळीले मांडी. मंग पेन खाली ठेवून दोन्ही हातांनं सुरू!

"काय लावलं हो याले?"

"काही नाही जी," बाबा म्हणे, "आज भाव येईन, उद्या येईन, म्हणून वर्षभर जुन्या घरी याच फळ्यांवर कापूस भरून ठेवला होता. घरदार खाजवून राह्यलं. जंगलातल्या लाकडाले असते का अशी खाज?"

साहेबानं पंचनामा फाडला. "पटलं! पण हे खाज जाते कवा?"

"भाव भेटला का जाते, साहेब."